तुळशीची जागा

यंत्र घरात आलं तेव्हा मी आधी नलूला उचलून कडेवर घेतलं. माझी सवयच तशी. फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत कुठलीही नवी वस्तू आली की तिला टोक आहे का, धार आहे का, ती पोरीच्या अंगावर कोसळेल का, हे मी आधी बघते, कौतुक नंतर. ह्या वस्तूला लांब दांडा होता, दांड्याच्या टोकाला परातीएवढी तबकडी, पाठीवर बांधायची बॅटऱ्यांची पेटी आणि कानांना लावायचे दोन काळे डबे.

"लढाईतला माल आहे," जयवंत म्हणाले. "जमिनीत पेरलेले सुरुंग शोधतात ह्याने."

"आणि ते तुम्ही पोरीच्या अंथरुणावर ठेवलंत?"

"अगं, हे सुरुंग शोधतं. घालत नाही."

माझे यजमान लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात रेडिओ दुरुस्त करतात. चोरबाजारात मोडीत पडलेलं ते यंत्र त्यांनी उचलून आणलं, रोज संध्याकाळी त्याची आतडी बाहेर काढून बसले, आणि एका रविवारी आमच्या पितळी पातेल्यांवरून तबकडी फिरवून अख्ख्या चाळीला त्याची शीळ ऐकवली. नलूने त्याचं नाव ठेवलं भुईचा रेडिओ.

हौस म्हणून आणलेलं नव्हतं ते. अप्पांसाठी आणलं होतं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या नावावर माहीमला एक जमीन होती: थोडे माड, एक विहीर आणि बाकी सगळं मोकळं रान. अठराशे अठ्ठ्याण्णवच्या प्लेगाआधी तिथे त्यांचं घर होतं. साथ आली, घर सोडून छावणीतल्या झापाच्या खोपटात जायचा हुकूम झाला. तेव्हा अप्पांच्या आईने घरचे पाच टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुळाचे देव, एका तांब्यात घातले आणि तो तांब्या तुळशीवृंदावनाच्या पायाशी पुरला. अप्पा तेव्हा पाच वर्षांचे, त्यांची बहीण अंबिका दहाची. अप्पांचे वडील छावणीतच गेले. रिकामं घर साथीचं घर म्हणून पाडून टाकलं. आई दोन पोरांना घेऊन गिरगावात आली ती परत माहीमला राहायला गेली नाही.

म्हणून आमच्या देव्हाऱ्यात देव नव्हते. पाच सुपाऱ्या होत्या. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. अंबिकाआत्यांनीच मला पूजा दाखवली. "देव माहीमला जमिनीत आहेत," त्या म्हणाल्या. "ते येईपर्यंत ह्या." दर दसऱ्याला किडकी सुपारी काढून नवी ठेवायची, हळद लावून. आत्यांचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं आणि तेराव्याला संपलं होतं. तेव्हापासून त्या आधी आईच्या आणि मग भावाच्या घरात. सुपाऱ्यांना हळद लावण्याचं काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत.

आता ती जमीन विकायची ठरली होती. वैशाखात खरेदीखत होणार होतं.

"एकदा पाया भरला की संपलं," अप्पा म्हणायचे. "देवांच्या डोक्यावर कुणाचा तरी संडास येईल."

पण अप्पांना देव हवे होते त्याहून जास्त नानांचा निकाल हवा होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नाना हे अप्पांचे चुलतभाऊ. प्लेगानंतर ते माहीमच्या त्या जमिनीच्या कडेला खोली बांधून राहिले, माड सांभाळले, नारळाचा हिस्सा न चुकता गिरगावात पोचवला. अप्पांच्या लग्नाच्या वर्षी, आई वारल्यानंतर, अप्पा देव आणायला गेले. घर नव्हतं, वृंदावन नव्हतं, सगळं सपाट झालेलं. आठवलं तिथे खणलं. काही मिळालं नाही. तेव्हा कुदळ टाकून ते नानांना म्हणाले, "आमचे देव खाल्लेस तू." नानांनी उत्तर दिलं नाही. त्याच संध्याकाळी बायकोला घेऊन, भांडी डोक्यावर घेऊन, ते खोली सोडून गेले. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं नाही.

नाना गेल्याची बातमी आली तेव्हा मी नवी सून होते. भाऊबंद गेल्याचं कळलं की कळल्या क्षणी नेसत्या कपड्यांनिशी अंघोळ करायची आणि सुतक धरायचं, ही आमच्याकडची रीत. आत्या मुकाट्याने उठून बंबात पाणी घालायला लागल्या. अप्पा म्हणाले, "कुणासाठी? आमचं कुणी गेलेलं नाही. सूनबाई, वाढा." मी वाढलं. अप्पा जेवले. आत्यांनी "मला आज उपास" म्हटलं. त्या दिवशी कुठलाच उपास नव्हता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

आता यंत्र आलं होतं. देव जागेवर मिळाले, तर नाना निर्दोष. नाही मिळाले, तर अप्पांचं म्हणणं कायमचं खरं.

"आता कशाला ते उकरायचं, बाळू?" आत्या म्हणाल्या. त्रेसष्ट वर्षांच्या भावाला त्या बाळूच म्हणायच्या. "सुपाऱ्यांनी काय वाईट केलं आपलं?"

"सुपाऱ्यांनी नाही," अप्पा म्हणाले. "ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल बोलतोय मी."

पहिल्या खेपेला आम्ही सगळेच गेलो. ते दिवस असे होते की घरातून कुणी बाहेर पडलं की मी गॅलरीत उभी राहायची. जानेवारीत गिरगावात गोळीबार झाला होता. तेव्हा नलू माझ्या पदरात शिरून "काय वाजतंय?" म्हणून रडायला लागली, आणि मी म्हटलं होतं, "लग्न आहे गं कुणाचं तरी. फटाके लावतायत." ती गप्प झाली. त्यानंतर मात्र अधूनमधून विचारत राहिली, की त्या लग्नातली नवरी कशी होती. आता संचारबंदी उठली होती, पण संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे आणि प्रभातफेऱ्या चालूच होत्या, आणि चार वर्षांच्या नलूला प्रत्येक गोष्ट 'झालीच पाहिजे' होती. लिमलेटची गोळी झालीच पाहिजे. वेणी नको, झालीच पाहिजे.

माहीमच्या नाक्यावर हवालदाराने आम्हाला अडवलं.

"हे काय? बिनतारी संदेश?"

"नाही हो," जयवंत म्हणाले. "देव शोधायचे आहेत."

"कुठले देव?"

"आमचे."

हवालदाराने यंत्राकडे पाहिलं, मग काठी टेकत चालणाऱ्या आत्यांकडे, मग माझ्याकडे. नलू ओरडली, "झालाच पाहिजे!"

"ह्या पोरीला आवरा बाई," तो म्हणाला, "नाहीतर आजोबांसकट सगळ्यांना आत घ्यावं लागेल." आणि हसून बाजूला झाला. मला मात्र जमीन येईपर्यंत हसू आलं नाही.

यंत्र लावलं आणि पाच मिनिटांत जयवंतनी कानावरचे डबे काढले. "सगळीकडेच वाजतंय."

सगळीकडेच वाजणार. पाडलेलं घर होतं ते. वाशांचे खिळे, बिजागऱ्या, कड्या, सगळं मातीत मिसळलेलं. दुपारपर्यंत आम्ही गंजक्या लोखंडाचा ढीग केला. अप्पा कधी ह्या माडापाशी उभे राहायचे, कधी त्या. "स्वयंपाकघराच्या दारातून सरळ समोर तुळस दिसायची. खूप लांब होती." पाच वर्षांच्या मुलाला अंगण केवढं वाटतं, हे मी रोज बघत होते. नलूला आमची गॅलरी लांब वाटते.

आत्यांना विचारलं. त्या विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. "मला नाही आठवत," एवढंच म्हणाल्या. ज्या बाईला मागच्या मागच्या गणपतीत कुणी किती मोदक खाल्ले ते आठवत होतं, तिला.

घरी आल्यावर मी जयवंतना म्हटलं, "असं नाही मिळणार. आधी जागा शोधायला हवी. यंत्र नंतर."

"म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे माझं बी.ए. वापरायचं. घरात लोणच्यासारखं भरून ठेवलंय ते."

आमचे इतिहासाचे प्राध्यापक म्हणायचे, कुदळ हा शेवटचा प्रश्न असतो. त्याआधी तिथे कोण राहिलं, कोण चाललं, कुणी पाणी भरलं, हे विचारायचं. मी नलूला शेजारच्या शेवंतीमावशींकडे ठेवून मोजणीच्या कचेरीत गेले. जुना नकाशा पाहायला मिळाला. त्यात जमीन होती, विहीर होती, घर म्हणून एक चौकोन होता. चौकोनाला दार कुठे ते नव्हतं. कारकुनाला मी विचारलं, वृंदावन दाखवत नाहीत का?

"बाई," तो म्हणाला, "तुळशीवर सारा बसत नाही."

तरी त्या नकाशाने एक कळलं. घर अप्पा समजत होते त्याच्यापेक्षा विहिरीच्या बरंच जवळ होतं. तरुणपणी अप्पांनी खणलं ते अंगणाबाहेरच. आता घर पाडल्यानंतर ती जागा रोज पाहिलेलं माणूस हवं होतं. असं माणूस एकच उरलं होतं, आणि तिचं नाव आमच्या घरात घेत नसत.

नानांच्या बायकोचं नाव राधाबाई. माहीमच्या बाजारामागे एका खोलीत राहायच्या. मी जाऊन आल्याचं फक्त जयवंतना ठाऊक होतं. ते म्हणाले, "अप्पांना कळलं तर घर डोक्यावर घेतील." मी म्हटलं, "तुम्ही नाही सांगितलंत तर नाही कळणार."

राधाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं नाही, निवडत राहिल्या.

"एवढ्या वर्षांनी तुळस आठवली?"

"देव शोधतोय. अप्पांना वाटतं..."

"अप्पांना काय वाटतं ते मला ठाऊक आहे गो. त्याच्यावर तर आम्ही घर सोडलं." त्यांनी एक खडा काढून टाकला. "घर पाडलं तेव्हा वृंदावन पण फोडलं. ह्यांनी तिथे पांढरा चाफा लावला. का, तर तुळशीच्या जागेवर कुणाचा पाय पडू नये. चाफ्याच्या बुंध्याला टेकूनच होता चौथरा. विहिरीकडच्या अंगाला."

मी तो चाफा पाहिला होता. पहिल्या खेपेला नलू त्याच्याच सावलीत झोपली होती. अप्पा त्याच्याजवळ फिरकलेच नव्हते, कारण त्यांच्या आठवणीत चाफा नव्हता.

"हे नानांनी अप्पांना का नाही सांगितलं? तेव्हाच, भांडणात?"

"चोर म्हटलेल्या माणसाने जागा दाखवायची? दाखवली असती तर म्हणाले असते, बघा, ह्याला बरोबर माहीत आहे." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मला देव नकोत तुमचे. मिळाले तर एवढंच येऊन सांगा, की होते. जागेवर होते. ते तर गेले, पण मला ऐकायचंय."

मी कबूल केलं. किती सहज कबूल केलं. मला खात्रीच होती.

घरी मी अप्पांना सांगितलं की माहीमच्या एका जुन्या बाईंकडून जागा कळली. अप्पांनी कोण ते विचारलं नाही. उठून पंचांग काढलं. आत्या मात्र मी मोरीत भांडी घासत असताना मागे येऊन उभ्या राहिल्या.

"राधा कशी आहे?"

अप्पा ऐकत नाहीत ना, ते मी आधी बघितलं. "बरी आहे. डोळ्याला कमी दिसतं."

"आणि चाफ्याचं सांगितलं तिने?"

"सांगितलं."

आत्या भिंतीला हात लावून तशाच उभ्या राहिल्या. तेव्हाच मी साबणाचे हात पुसून त्यांना खाली बसवायला हवं होतं आणि विचारायला हवं होतं, की तुम्हाला चाफ्याचं कसं माहीत, आणि माहीत होतं तर त्या दिवशी आठवत नाही का म्हणालात. कचेरीत गेले, माहीमला गेले, आणि मोरीत मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारलं नाही. पण नलू रडत उठली आणि मी आत गेले.

दुसऱ्या खेपेला आत्यांना घरी राहा म्हटलं, ऊन आहे. त्या आमच्या आधी पायऱ्या उतरून खाली उभ्या होत्या.

चाफा फुलला होता. जयवंतनी तबकडी विहिरीकडच्या अंगाला फिरवली. खिळ्यांची शीळ बारीक, तुटक असायची. ही वेगळी होती. त्यांनी डबे काढून अप्पांच्या कानांना लावले. अप्पांनी डोळे मिटले. इतका वेळ मिटले की मला भीती वाटली.

"वाजतंय," ते म्हणाले. "एकसारखं वाजतंय."

जयवंतनी खणलं. चाफ्याची मुळं आडवी आली ती कापावी लागली, त्यातून पांढरा चीक आला. गुडघ्याएवढा खड्डा झाल्यावर कुदळीला खण्ण झालं. पुढची माती अप्पांनी हाताने काढली. कुणाला हात लावू दिला नाही. हिरवा पडलेला, मातीने माखलेला तांब्या. तोंडावर पालथी वाटी, आणि वाटीच्या कडेने लाख लावून बंद केलेला.

"आहे!" अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा फाटला. "सूनबाई, आहे हो! आईने ठेवला तसाच आहे."

मला राधाबाई आठवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात वाक्य जुळवायलाही लागले होते: होते, जागेवर होते.

अप्पांनी तांब्या हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. चांदीचा पत्रा तसा वाजत नाही. अप्पांचा चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा हलवला, कानाशी नेऊन.

"हलकं आहे," ते म्हणाले. मग सावकाश, "नेलेच त्याने. नेले, आणि वर तांब्या बुजवून ठेवला. काय काळजाचा माणूस."

"अप्पा, उघडून तर बघू," जयवंत म्हणाले आणि चाकू काढून लाखेला लावला.

"उघडू नको," आत्या म्हणाल्या.

त्या चाफ्याला टेकून उभ्या होत्या. काठी खाली पडली होती.

"आत सुपाऱ्या आहेत. पाच. आईने ठेवल्या. हळद मी लावली."

नलू खाली पडलेली फुलं फ्रॉकच्या घोळात गोळा करत होती.

"तुला ताप होता, बाळू. छावणीत. बाबा जाऊन आठ दिवस झाले होते. लोक म्हणायचे, ह्यालाही गाठ येणार. दूध नव्हतं, औषध नव्हतं, आणि खोपटात कुणी पाऊल टाकत नव्हतं. भर दुपारी आई मला घेऊन इथे आली. विळ्याने खणलं आम्ही. देव काढले. सोनार वितळवायला तयार होईना. म्हणाला, देव आहेत हे. आई म्हणाली, देवांनीच पाठवलंय मला, तू भट्टी पेटव. त्या पैशांतून दूध, औषध आणलं. मग परत आलो. आई म्हणाली, देवांची जागा रिकामी ठेवू नये. म्हणून सुपाऱ्या ठेवल्या, लाख लावली, बुजवलं. आणि तू बरा झालास."

जयवंतच्या हातातला चाकू तसाच राहिला. अप्पांनी तो घेतला आणि स्वतः लाख फोडली. तळाशी पाच काळ्या सुपाऱ्या होत्या. एकीचा भुगा झाला होता.

"मला का नाही सांगितलं?" अप्पांनी विचारलं. तांब्यालाच विचारल्यासारखं.

"तू विचारायचास, आपले देव कुठे. आई म्हणायची, जमिनीत आहेत, तू मोठा झालास की आणू. लहान होतास. तुझ्यासाठी देव मोडले असं पोराला कसं सांगायचं? सांगणार होती. दर दसऱ्याला म्हणायची, आता सांगते. मग गेलीच."

"आणि तू? मी नानाला चोर म्हटलं तेव्हा तू होतीस. तिथेच होतीस, ताई!"

"होते."

"त्याने भांडी डोक्यावर घेतली तेव्हा..."

"माझं ताट तुझ्या घरात होतं, बाळू," आत्या म्हणाल्या. "आईने देव मोडले असं मी सांगितलं असतं, तर तू मलाही म्हणाला असतास, खोटं बोलतेस. मग मी कुठे गेले असते? नाना पुरुष होता. तो गेला तर जाऊ शकत होता."

मी नलूचा हात घट्ट धरला होता. तिला दुखलं तेव्हा कळलं. मग अप्पा उठले, विहिरीपाशी गेले, पोहरा सोडला, आणि सदरा, धोतर, टोपी, काहीही न काढता भरलेला पोहरा डोक्यावर ओतला. पुन्हा सोडला, पुन्हा ओतला.

"आजोबा कपडे घालून अंघोळ करतात!" नलू हसली.

जयवंत पुढे झाले, मी त्यांना अडवलं. सहा वर्षांपूर्वी बंबात घातलेलं ते पाणी होतं. आत्यांनीही ते ओळखलं. त्यांनी पदर तोंडात धरला.

"सूनबाई," अप्पा म्हणाले, दाढीवरून पाणी गळत होतं, "ती जुनी बाई राहते कुठे, ते दाखवा."

अप्पा तसेच ओले, आम्ही बाजारातून चालत गेलो. लोक वळून बघत होते. अप्पांच्या छातीशी तांब्या होता. आत्या मागून येत होत्या, त्यांना धरायला मी दोनदा मागे आले आणि दोन्ही वेळा त्यांनी माझा हात सोडवला. एवढीशी वाट, पण राधाबाईंच्या दारात पोचल्यावर आत्या आत आल्याच नाहीत. बाहेर पायरीवर बसल्या.

राधाबाईंना आधी आवाज ओळखू आला नाही. मग आला.

"वहिनी," अप्पा म्हणाले, "देव नव्हते. पण नानाने नेले नाहीत. आईने काढले होते. माझ्यासाठी." आणि त्यांनी तांब्या पुढे केला, जणू त्यांच्या बोलण्यावर त्यांचाच विश्वास नव्हता.

राधाबाईंनी तांब्या हातात घेतला नाही. "हे कुणाला माहीत होतं?"

राधाबाईंनी दाराबाहेर पाहिलं. कमी दिसणाऱ्या डोळ्यांनाही पायरीवरची पांढरी साडी दिसली असावी.

"असं," त्या म्हणाल्या.

"मी सुतक धरलं नाही, वहिनी. तेव्हा. आज अंघोळ केली."

"दिसतंय. सगळी खोली ओली केलीत." त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि एक धुवट धोतर काढलं, घडीवर पिवळ्या रेषा पडलेलं. "ह्यांचं आहे. नेसा. ह्या वयात अंगावर ओलं राहू नये."

अप्पांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. आतल्या कोपऱ्यात जाऊन नेसले. मी तांब्या घेऊन उभी होते. मला वाटलं होतं, कबूल केल्याप्रमाणे मी काहीतरी सांगेन. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निघताना अप्पा म्हणाले, "धोतर धुऊन आणून देतो. उद्याच येतो."

"नको," राधाबाई म्हणाल्या. रागाने नाही. तांदूळ निवडतानाच्याच आवाजात. "राहू द्या तुमच्याकडे. परत आणायला येऊ नका. मला एवढंच ऐकायचं होतं, ते ऐकलं. आता रोज कुणी आलं तर मला आठवत बसावं लागेल, की हे आधी का आले नाहीत."

दार लावून घेतल्याचा आवाज आला नाही. आम्हीच वळलो.

खरेदीखत ठरल्या दिवशी झालं. यंत्र जयवंतनी परत चोरबाजारात दिलं. अप्पा आणि आत्या एका खोलीत राहतात, एका पंगतीला जेवतात, लागेल तेवढं बोलतात. अप्पा त्यांना काही म्हणाले नाहीत, आणि ते काही म्हणाले असते तर आत्यांना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. देव्हाऱ्यात सुपाऱ्याच आहेत. त्यांना हळद आता मी लावते. आत्या करंडा माझ्यापुढे सरकवतात आणि तोंड फिरवतात.

धोतर अप्पांनी स्वतःच्या हाताने धुतलं आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलं. मी ते ओलसरच उलटून घालायला काढत होते तेव्हा नलू पायाशी घोटाळत होती.

"हे आजोबांचं नाही. हे कुणाचं?"

"नानाआजोबांचं."

"ते कुठेत?"

गावाला गेलेत, हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. असे शब्द आईच्या जिभेवर नेहमीच तयार असतात. ती लगेच गप्प झाली असती. खाली रस्त्यावरून एक फेरी घोषणा देत चालली होती, आणि मी सवयीने कठड्यापासून तिला आत घेतलं.

"ते वारले, नलू. तू व्हायच्या आधी."

तिने विचार केला. "मग त्यांचं धोतर ओलं कसं?"

मी धोतर मांडीवर घेऊन खालीच बसले. तिला जवळ ओढलं. आजोबांचं सांगितलं, जेवढं तिला कळेल तेवढं. आणि मग, ती विचारत नसताना, जानेवारीतल्या त्या लग्नाचंही सांगितलं. की नवरी नव्हती. ते फटाके नव्हते.

नलू रडली नाही. तिने विचारलं, "आणि आणखी काय काय नव्हतं?"